फॅन फिरतोय, खरं वारं लागंना: दुकान-ऑफिसातल्या पंख्यांचं काय करायचं

एप्रिलमध्ये कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातल्या एका होलसेल कापड दुकानात मला बोलावलं होतं. दुसरा मजला, दुपारचे तीन. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "ताई, चौदा फॅन हायत, सगळे फिरत्यात, खरं वारं लागंना. एसी बसवून टाकू काय?"

मी त्यांच्याकडून जॉर्जेटची बोटभर रुंद, हातभर लांब चिंधी मागून घेतली, मीटरपट्टीच्या टोकाला बांधली आणि ती धरून हॉलभर फिरले. गल्ल्यावर, काका बसतात तिथे डोक्याच्या उंचीला चिंधी सरळ खाली लोंबत राहिली. गठ्ठ्यांच्या थप्पीवर मात्र झेंड्यासारखी फडफडत होती. पाच फॅन माणसांना सोडून कापडाला वारा घालत होते. मग मी एक्झॉस्ट फॅनजवळ गेले. त्याच्या शेजारची खिडकी उघडी होती आणि चिंधी त्या खिडकीकडून थेट फॅनकडे ओढली जात होती. म्हणजे बाहेरची हवा खिडकीतून यायची आणि दोन फुटांवरून पुन्हा बाहेर जायची. हॉलमधली कोंदट हवा जागची हलतच नव्हती.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे पंख्याची मोटर लहानपणापासून उघडलेली बघत आले. तरीही सांगते, नवे फॅन घ्यायच्या आधी चिंधी घेऊन फिरा. ग्रीन बिल्डिंग म्हणून बांधलेल्या इमारतीतही मी हेच करते. हवा कुठून येते आणि कुठून जाते हे कळल्याशिवाय फाइव्ह स्टार फॅन घेऊनही उपयोग होत नाही.

सगळ्यात आधी हवेची वाट. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारं येतं, पावसाळ्यातही वारं आणि पाऊस दोन्ही त्याच अंगाने. म्हणून जमेल तिथे हवा पश्चिमेकडून आत घ्यायची आणि एक्झॉस्ट समोरच्या, पूर्वेच्या भिंतीत, छताजवळ बसवायचा. वाऱ्याच्या तोंडावर बसवलेला एक्झॉस्ट वाऱ्याशीच झुंजत बसतो. एक्झॉस्टच्या शेजारची खिडकी बंद, लांबची उघडी. हॉलच्या दाराला खाली फट किंवा जाळी नसेल तर फॅन नुसता घरघरतो.

किती हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे. त्या दुकानाचा हॉल ४० बाय २५ फूट, उंची ११ फूट, म्हणजे ११,००० घनफूट. तासाला ६ वेळा हवा बदलायची ठरवलं तर ६६,००० घनफूट. ६० ने भागलं की मिनिटाला १,१०० घनफूट. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आकडा बहुतेक वेळा तासाला घनमीटरमध्ये असतो, तेव्हा १.७ ने गुणा: १,८७० घनमीटर. पण कॅटलॉगचा आकडा मोकळ्या हवेतला. पुढे डक्ट, जाळी, शटर आलं की तो उतरतो, म्हणून थोडी वरची क्षमता घ्या. आत येणारी हवा मिनिटाला ३०० फूट वेगाने धरली तर जवळपास पावणेचार चौरस फूट मोकळी जागा हवी. डासांची जाळी लावली की मोकळी जागा बरीच कमी होते, हे हमखास विसरलं जातं.

इथे एक नियम पाठ करून ठेवा. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्श्यावर येते, कारण विजेची गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून एक फॅन फुल स्पीडवर ओरडत ठेवण्यापेक्षा तसलेच दोन घेऊन निम्म्या वेगाने चालवा. हवा तेवढीच मिळते, वीज कागदावर पावपट लागते. प्रत्यक्षात थोडी जास्त जाते, तरी फरक मोठा आहे. हा फायदा वेग नीट कमी करणाऱ्या मोटरवरच मिळतो: ईसी किंवा बीएलडीसी मोटर (कायमचे चुंबक असलेली, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी), नाहीतर मोठ्या थ्री-फेज ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारं यंत्र. पट्ट्यावर चालणारा जुना ब्लोअर असेल तर पट्टा ढिला पडून वीज घसरण्यात जाते, तेही तपासा.

आता सीलिंग फॅन. साधा १,२०० मिलिमीटरचा फॅन फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी साधारण ३० वॅट. फरक का, तर साध्या मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, करंट निर्माण करावा लागतो आणि त्याची बरीचशी उष्णता होते. बीएलडीसीच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. जुना फॅन दोन तास चालवून बंद करा, एमसीबी पाडा आणि मोटरच्या वाटीला हात लावून बघा. तो गरमपणा तुमच्या बिलातून आलाय.

१ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे. नुसते स्टार मोजू नका, 'सर्व्हिस व्हॅल्यू' वाचा: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॅट. २२० घनमीटर आणि ३० वॅट असेल तर ७.३. वॅट कमी आहे पण हवाही कमी आहे, असला फॅन या एका आकड्यात पकडता येतो.

फॅनची उंचीही ठरवून घ्या. पाती आणि छत यांत किमान ३० सेंटिमीटर अंतर पाहिजे, नाहीतर फॅनला वरून हवाच मिळत नाही. उंचीचं जुनं सूत्र मी अजून वापरते: छताची उंची गुणिले तीन, त्यात टेबलाची उंची मिळवा, चारने भागा. छत ३ मीटर, टेबल पाऊण मीटर असेल तर पाती जमिनीपासून २.४४ मीटरवर. फॅन माणसाच्या डोक्यावर, वाटेवर किंवा रॅकवर नको.

बीएलडीसी लावताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायचाच. राजारामपुरीतल्या एका ऑफिसात आधीच्या माणसाने तो तसाच ठेवून दहा फॅन बसवले होते. वर्षाच्या आत सहा फॅनचे ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारी सर्किटं, गेले. माणसं महिनाभर घामाघूम होऊन काम करत होती, आणि दोष मात्र बीएलडीसीला दिला जात होता. मला त्याचा फार त्रास होतो. आणि सगळे जुने फॅन भंगारात घालू नका. जो फॅन दिवसातून तासभर चालतो आणि नुसता हळू झालाय, त्याचा २.५ एमएफडीचा कंडेन्सर बदलून बघा.

काकांच्या दुकानात आम्ही पाच फॅन काढून टाकले आणि उरलेल्या नऊ जागी बीएलडीसी लावले. आधी १४ गुणिले ७५, म्हणजे १,०५० वॅट. आता २७० वॅट. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर १,९५० युनिट वाचतात. युनिटला १२ रुपये धरले तर २३,४०० रुपये. तुमचा दर महावितरणच्या बिलात बघून हिशेब करा.

एसी असलेल्या ऑफिसात फॅन काढू नका. फॅनने खोली थंड होत नाही, अंगावरचा घाम वाळून माणूस थंड होतो. त्यामुळे फॅन चालू ठेवून एसी २४ ऐवजी २६-२७ वर ठेवता येतो, आणि बीईईच्या हिशेबाने दर अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते. त्याच कारणाने रिकाम्या खोलीतला फॅन बंद पाहिजे. तिथे ऑक्युपन्सी सेन्सर लावा, माणूस नसला की तो फॅन बंद करतो. बेसमेंट पार्किंगच्या ब्लोअरला कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर जोडा, म्हणजे तो दिवसभर उगाच फिरणार नाही. मंगल कार्यालयासारख्या उंच हॉलला मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा एचव्हीएलएस फॅन बरा.

वरच्या मजल्यावर आधी स्लॅब बघा. तापलेल्या स्लॅबखालचा फॅन गरम हवाच डोक्यावर ढकलतो. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलचे तुकडे) किंवा पांढरा लेप द्या. मार्च-एप्रिलच्या रात्री आपल्याकडे चांगल्या गार होतात. तेव्हा एक्झॉस्टला टायमर लावून पहाटे तीन-चार तास हवा खेळवा, सकाळी भिंती गार मिळतात. पावसाळ्यात मात्र हे बंद. रात्रभर दमट हवा आत ओढली की कापडाला बुरशीचा वास येतो.

पाती दोन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसा आणि वाटीवर स्टिकर लावून तारीख लिहा.

ती चिंधी काकांनी गल्ल्यावरच्या खिळ्याला बांधून ठेवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "ताई, चिंधी हलंना झालीया." जाऊन बघितलं तर एक्झॉस्टच्या शटरमध्ये कबुतराने काड्या भरल्या होत्या, पट्ट्या उघडतच नव्हत्या. तेव्हापासून मी शटरच्या बाहेर अर्ध्या इंचाची तारेची जाळी लावल्याशिवाय काम पुरं करत नाही.