ऑक्सिजन सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर

खानदेशात पंधरा-वीस वर्षे जुन्या पेट्रोल गाड्या अजून रोज धावतात आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांना मागाहून गॅस किट बसवलेले असते. अशा गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रणाची माहिती देणारा भाग) बदलला आणि काही आठवड्यांत तोच दिवा परत लागला, तर आणखी एक सेन्सर विकत घेऊ नये. असा परतणारा दोष बहुधा वायरिंगमध्ये, सायलेन्सरच्या जोडात किंवा इंधनाच्या मिश्रणात असतो.

स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पुसण्याआधी लिहून घ्यावा आणि दिवा लागताना गाडी थंड होती की तापलेली, पेट्रोलवर होती की गॅसवर, हेही नोंदवावे. पी०१३५ हा पुढच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा कोड आहे, तर पी०१३३ म्हणजे त्याचा प्रतिसाद मंद आहे. पी०१७१ मात्र सेन्सरवरचा आरोप नाही. मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी असल्याची ती तक्रार आहे, आणि हा फरक न पाहता सेन्सर बदलणारी गॅरेजे कमी नाहीत. आपल्याकडे ओबीडी-२ची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या प्रणालीची) सक्ती २०१३ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सगळी माहिती देईलच असे नाही.

हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूज पाहावा. मग सेन्सरचा कनेक्टर सोडून, इंजिन चालू ठेवून, गाडीकडच्या बाजूला हीटरच्या पिनांवर १२ व्होल्टच्या आसपास दाब येतो का ते मल्टिमीटरने मोजावे. थंड सेन्सरच्या हीटरचा रोध साधारणपणे काही ओहम असतो. मीटर अनंत रोध (ओएल) दाखवत असेल तर हीटर तुटलेला आहे. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर बहुधा हीटरच्या असतात.

वायरिंग मात्र घाई न करता, हाताने चाचपून तपासावे. मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या) पत्र्याला टेकून वायरचे आवरण वितळलेले, पिनांवर हिरवट गंज चढलेला किंवा शेतातल्या घराजवळ उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली आढळते. साधी टेप त्या उष्णतेत टिकत नाही. उष्णतारोधक नळी घालून वायर पत्र्यापासून दूर बांधावी. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात, म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नये.

त्यानंतर सायलेन्सरची गळती पाहावी. सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, गॅस्केट फुटले असेल तर धुराच्या दोन झोतांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर इंधन कमी असल्याचे सांगतो, ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) इंधन वाढवतो आणि अॅव्हरेज घसरतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताच जोडांवर साबणाचे पाणी सोडले की बुडबुडे दिसतात. जोडाभोवती काळी काजळी असेल तर शंकाच नको.

गॅस किटच्या गाडीत काही वेळा सेन्सरची वायर कापून एम्युलेटर (ईसीयूला सेन्सरऐवजी बनावट संकेत देणारे उपकरण) जोडलेला असतो, आणि तो जुना जोड सैल झाला तरी दोष सेन्सरच्या नावावर लागतो. काही दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवून पाहावी. कोड आला नाही तर किटची ट्यूनिंग आणि तो जोड आधी तपासावा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागते. आधीच इंजेक्टर तुंबलेल्या जुन्या गाडीत पी०१७१ येण्यास तेही हातभार लावते.

एवढे करून दोष सापडला नाही, तरच सेन्सरकडे वळावे. इंजिन पूर्ण तापल्यावर सुमारे २५०० आरपीएमवर पुढच्या झिर्कोनिया सेन्सरचा (नेहमीच्या प्रकारच्या, व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरचा) दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाट्याने वर-खाली व्हायला हवा. तो एकाच जागी अडकला असेल तर अॅक्सिलरेटर झटक्यात दाबून पाहावा; आकडा वर उसळला तर सेन्सर जिवंत आहे. मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर असणेच योग्य, त्यामुळे त्याला बिघाड समजू नये.

काढलेल्या सेन्सरचे टोकही पाहावे: काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, तर पांढरट थर बऱ्याचदा इंजिनच्या जोडांना लावलेल्या सिलिकॉन सीलंटचा असतो, आणि ते सीलंट बदलल्याशिवाय नवा सेन्सरही तसाच खराब होईल. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी सकाळी थंड इंजिनापासून सुरू करावी, शहरात फिरवून मग जळगाव-धुळे महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवावी आणि दिवा लागण्याची वाट न पाहता स्कॅनरवर प्रलंबित कोड (दोष दिसला, पण दिवा अजून लागला नाही असा कोड) तपासावा.