रिपोर्टची पिशवी आणि केसपेपरची खिडकी

मिरजेत उपचाराला येणाऱ्या माणसाच्या हातात एक पिशवी असते, बहुतेकदा बस्त्याच्या दुकानातली. आत जुने केसपेपर, ईसीजीची घडी पडलेली पट्टी, एक्स-रे आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं. जत, आटपाडीहून आणि सीमेपलीकडच्या अथणी-विजापूरहूनही माणसं ती छातीशी धरून येतात. डॉ. वॉनलेस यांनी १८९०च्या दशकात इथे रुग्णसेवा सुरू केली, तेव्हापासून मिरज हे उपचाराचं गाव आहे. त्या पिशवीतला इतिहास योग्य वेळी योग्य डॉक्टरसमोर यावा, एवढंच आमचं काम.

सांगलीत बीएस्सी कॉम्प्युटर करून २०१८ साली मी मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात लागले. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं भेटली की कोर्स कुठला करू, कोणती लँग्वेज शिकू, असं विचारतात. मी त्यांना सांगते, आधी सहा आठवडे केसपेपरच्या खिडकीत बसा.

कारण रेकॉर्ड बिघडतं ते तिथे. सकाळी नऊ वाजता रांग दारापर्यंत गेलेली असते. आजीला वय विचारलं तर "साठ असंल की" म्हणतात. दोन वर्षांनी परत आल्या तरी साठच. सॉफ्टवेअर वयावरून जन्मसाल काढतं, त्यामुळे एका आजींची दोन जन्मसालं तयार होतात. नाव एकदा सुशीला, एकदा सुशिलाबाई. कन्नड बोलणाऱ्या कल्लव्वांचं नाव इंग्रजीत टाइप करताना कुणी एक 'एल' घालतं, कुणी दोन. शोधून सापडलं नाही की क्लार्क नवा नंबर देऊन मोकळा होतो, कारण मागे तीस माणसं उभी असतात.

माझ्या पहिल्याच वर्षी जत तालुक्यातल्या एका बाईंना असे दोन नंबर पडले. पहिल्या फाइलवर लाल शाईत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली होती, दुसरी फाइल कोरी होती. दुसऱ्या खेपेला त्या ॲडमिट झाल्या तेव्हा वॉर्डात कोरी फाइल गेली. इंजेक्शन भरण्याआधी सिस्टरनी सवयीने विचारलं म्हणून कळलं. बाई म्हणाल्या, "मागं अंगभर गांधी उठल्या हुत्या, श्वास कोंडला हुता." त्या सिस्टरनी विचारलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. त्या दिवसापासून दुबार नंबर शोधून जोडणं हे काम मी मागून घेतलं. नाव, मोबाइल, गाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र लावून शोधायचं आणि खात्री झाल्याशिवाय दोन फाइली एक करायच्या नाहीत. दोन वेगळ्या माणसांची फाइल चुकून एक झाली तर ते दुबार नंबरापेक्षाही घातक असतं.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे आलेल्या कितीतरी माणसांची पिशवी चिखलात गेली होती. "सकाळची पांढरी गोळी आणि रात्रीची अर्धी," एवढंच एका मधुमेहाच्या पेशंटला सांगता येत होतं. ज्यांचे उपचार आमच्याकडे झाले होते त्यांची औषधं आम्ही कॉम्प्युटरवरून काढून दिली. ज्यांचा डॉक्टर दुसरा होता, त्यांना पुन्हा सगळ्या तपासण्या कराव्या लागल्या, तेही घर सावरायला पैसे नसताना. रेकॉर्ड एका इमारतीत अडकून राहिलं की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

पेशंटचं रेकॉर्ड एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाता यावं यासाठीचं सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्याची रचना नीट समजून घ्या, कारण पेशंट तुम्हालाच विचारणार. त्यात पेशंटला मिळणारा आरोग्याचा ओळख क्रमांक म्हणजे आभा नंबर, तो १४ अंकी असतो. सगळे रिपोर्ट सरकारच्या एका कपाटात जातात, हा मोठा गैरसमज आहे. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला हवा असेल तर तो मागणी करतो, पेशंट मोबाइलवर संमती देतो, मगच रिपोर्ट जातो. कशासाठी, कोणत्या काळातले आणि किती दिवसांपुरते, हे त्या संमतीत असतं आणि ती मागेही घेता येते.

कागदावर हे सोपं वाटतं. खिडकीत मात्र आजींच्या आधारला जोडलेला मोबाइल पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे असतो. आभा काढायचा ओटीपी तिकडे जातो, मुलगा कंपनीत शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. अशा वेळी आभा नाही म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही. आभा ऐच्छिक आहे, उपचार तिच्यावाचून अडत नाहीत. आणि घाईत स्वतःचा मोबाइल नंबर पेशंटच्या नावापुढे टाकायचा नाही. हे मी पाहिलंय आणि ते निस्तरायला महिने लागले.

आता अभ्यासाचं. रिपोर्ट एका रुग्णालयातून दुसरीकडे गेला तरी तो तिथल्या कॉम्प्युटरला कळला पाहिजे. एक लॅब 'एचबी' लिहिते, दुसरी 'हिमोग्लोबिन', तिसरी 'एचजीबी'. लॉइंक या तपासण्यांच्या कोडप्रणालीत रक्तातल्या हिमोग्लोबिनला ७१८-७ हा कोड आहे. तिन्ही लॅबनी तो लावला की दोन वर्षांचा चढउतार एका रेघेत दिसतो. आजारांसाठी आयसीडी-१० आहे, त्यात टाइप २ मधुमेह ई११. स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय संज्ञांचा कोडसह संग्रह, भारतात वापरायला फुकट आहे. माहिती पाठवण्याचा साचा म्हणजे फायर, आणि त्याचे भारतासाठीचे नमुने पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानक केंद्र प्रसिद्ध करतं. ते उघडून डिस्चार्ज समरीचा एक नमुना ओळीओळीने वाचा. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, पक्की करा. मिशनचा सँडबॉक्स, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी प्रणाली, सरावासाठी खुला आहे. कोर्सची फी भरण्याआधी एवढं केलंत तर हे काम आवडतंय का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

डॉक्टरांशी बोलायला शिका. ओपीडीत शंभर पेशंट असताना कुणी दहा रकाने भरणार नाही. आमच्या एका फिजिशियन सरांच्या मागे मी चार दिवस उभी राहिले, ते रोज काय लिहितात ते टिपलं आणि तेवढंच स्क्रीनवर ठेवलं. त्यानंतर ते टाइप करू लागले.

एक गोष्ट इथे कोर्समध्ये शिकवत नाहीत. आपल्या भागात सगळे कुणाचे तरी पाहुणे असतात. एकदा माझ्या नात्यातल्या काकूंचा फोन आला, "स्थळ आलंय, मुलगी तुमच्याकडं ॲडमिट होती म्हणे, जरा फाइल बघ की." मी नाही म्हटलं. त्या वर्षभर बोलल्या नाहीत. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नाव आता घेता येतं, पण तेव्हाही उत्तर तेच होतं. सॉफ्टवेअरमध्ये कुणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहते. ती दर आठवड्याला कुणीतरी वाचते आहे, हे साऱ्या स्टाफला माहीत असू द्या. पासवर्ड शेजारच्या टेबलाला देऊ नका, अगदी जेवायला जातानासुद्धा.

अजून तासगाव, पलूसकडचे कितीतरी छोटे दवाखाने कागदावरच लिहितात. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी आजींना मी आभाचं ॲप दाखवते, जुन्या केसपेपरचे फोटो काढून त्यात चढवून देते आणि औषधाचं, ॲलर्जीचं पान वर येईल अशी पिशवी लावून परत त्यांच्या हातात देते.