जर्मनीत भाड्याच्या घराचा विमा : या चुका टाळा

नोकरीनिमित्त जर्मनीत आलेल्या मराठी कुटुंबांचा एक महागडा गैरसमज घरभाड्याच्या हिशेबातूनच सुरू होतो. ‘नेबेनकॉस्टेन’च्या, म्हणजे भाड्याखेरीजच्या खर्चाच्या, वार्षिक विवरणात इमारतीच्या विम्याचा हिस्सा दिसतो आणि आपलाही विमा झाला असे वाटते. तो विमा भिंती-छपराचा असतो. आपले सामान आणि आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान त्यात येत नाही.

दुसऱ्याच्या नुकसानीसाठी ‘हाफ्टफ्लिश्ट’ हा विमा असतो. तो कायद्याने सक्तीचा नाही म्हणून पुष्कळ जण टाळतात. पण भरपाईच्या कायदेशीर जबाबदारीला तिथे रकमेची मर्यादा नाही, त्यामुळे माझ्या मते घराची किल्ली हाती घेण्याआधीच तो काढावा. काढताना भाड्याच्या घरातील नुकसान आणि किल्ली हरवणे या दोन्ही गोष्टी पॉलिसीत आहेत का, हे वाचून घ्यावे. अनेक इमारतींत एकच किल्ली मुख्य दरवाजाला, तळघराला आणि घराला चालते. ती हरवल्यास सगळी कुलपे बदलण्याचा खर्च हजारो युरोंवर जाऊ शकतो. काचेचे नुकसान मात्र बहुधा वगळलेले असते. घरमालकाच्या स्वयंपाकघरातील काचेच्या शेगडीवर हातातला लोखंडी तवा निसटून पडला, तर वेगळा काचविमा नसल्यास खर्च बहुधा आपल्यालाच सोसावा लागतो.

स्वतःच्या सामानासाठी ‘हाउसरात’ विमा असतो. त्यात आग, फुटलेला नळ, वादळ आणि घरफोडी येते. पुरासाठी जादा कलम घ्यावे लागते. अनेक कंपन्या विम्याची रक्कम दर चौरस मीटरला ६५० युरो धरतात, म्हणजे ७० चौरस मीटरच्या घराला ४५,५०० युरो. हप्ता वाचवण्यासाठी सामानाच्या किमतीपेक्षा कमी रक्कम लावली, तर लहान नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते.

वॉशिंग मशीनची नळी सुटून खालच्यांच्या छतावर ओल आली, तर प्रथम पाणी बंद करावे, छायाचित्रे काढावीत आणि त्याच दिवशी घरमालकाला व विमा कंपनीला लेखी कळवावे. कळवण्यातील दिरंगाईमुळे वाढलेले नुकसान भाडेकरूच्या माथी येऊ शकते. शेजाऱ्यांची क्षमा जरूर मागावी, पण कंपनीशी बोलण्यापूर्वी पैसे देण्याचे लिहून देऊ नये आणि आपली भिजलेली गादी, सतरंजी कंपनीने सांगेपर्यंत टाकून देऊ नये.