जुन्या वकिलाच्या ऑफिसात ज्युनियर लागताय? मग हे बघून ठेवा

नाशिकला सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात एखाद्या जुन्या ऑफिसात ज्युनियरशिप मिळाली की घरचे पेढे वाटतात, पण पाटीवर चार नावं आहेत म्हणजे काम चौघांकडे आहे असं नसतं. पहिल्या महिन्यात एवढंच बघा, अशील आत आला की कोणाच्या टेबलाकडे वळतो. ऑफिस त्या वकिलावर चालतं, आणि तो बाहेर पडला की फायलीही हळूहळू त्याच्यामागे जातात.

काम कुठलं येतंय तेही बघा. भूसंपादनाचं काम पुरासारखं, समृद्धी महामार्गाला सिन्नर-इगतपुरीकडच्या जमिनी गेल्या तसं एखादा प्रोजेक्ट असेपर्यंत गर्दी, नंतर ओसरतं. घरच्या जमिनीच्या वाटपाचा दावा मात्र आजोबांनी लावायचा आणि नातवाने चालवायचा, ऑफिसचा किराणा त्यावरच निघतो.

तुमच्या वाट्याला सुरुवातीला मुदतीचे अर्ज, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), नकला हेच येणार. कंटाळू नका पण १३८ च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या केसेस मागून घ्या, त्यात सगळा खेळ तारखांचा आहे, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. माझ्याकडून एकदा नोटीस टाकायची राहून गेली होती, अशिलासमोर जे ऐकलं ते अजून कानात आहे, तेव्हापासून मेमो हातात आला की आधी डायरीत तारीख टाकतो.

पैशांचं पहिल्याच दिवशी विचारा. "शिकायला मिळतंय ना" हे पेट्रोल पंपावर चालत नाही.

जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षा द्यायची असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ३ वर्षं प्रॅक्टिसची अट परत आलीय, मोजणी प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या नोंदणीपासून. प्रॅक्टिसचा दाखला १० वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचा चालतो, पण त्यावर न्यायाधीशांची सही लागते. म्हणजे सरांशी भांडून निघायचं असेल तर आधी दाखल्याचं बघा!

स्वतःचं ऑफिस टाकताना अशील म्हणतील, साहेब आम्ही तुमच्याकडेच येतो. बरं वाटतं, पण केसमध्ये आधीच्या वकिलाचं वकीलपत्र असेल तर त्या वकिलाची एनओसी लागते, नाही दिली तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यायची. आणि फाईल तुम्ही उचलून आणू नका, अशिलालाच जाऊन मागू द्या.