आरव्हीचा कन्व्हर्टर बंद? थर्मिस्टर तपासा
अमेरिकन आरव्हीतला (राहण्याची सोय असलेल्या गाडीतला), १२० व्होल्ट एसीचं बॅटरीजोगं डीसी करणारा कन्व्हर्टर ठप्प झाला, की लोक आधी फ्यूज बदलतात. तोही उडाला तर तिथेच थांबा. प्लग काढा, बॅटरी सोडवा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर १७० व्होल्ट किंवा जास्तही डीसी साठलेला असू शकतो. तो उतरल्याचं मीटरवर पाहूनच हात घाला. एसी इनपुटजवळची, गोळीसारखी चपटी चकती म्हणजे एनटीसी थर्मिस्टर: गार असताना त्याचा रोध जास्त, तापल्यावर कमी, म्हणून चालू करतानाचा करंटचा झोत तो अडवतो. तडा किंवा काजळी दिसते का बघा. गार असताना काही ओहम दाखवायला हवेत. ओपन (म्हणजे आतून तुटलेला) आला तर तो गेला. त्याच रेटिंगचा नवा बसवण्याआधी ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट नाहीत ना, ते तपासा, नाहीतर नवाही फुटेल. त्याच्या जागी तार मात्र कधीही जोडू नका. आणि प्लग काढून लगेच परत लावू नका: तापलेला थर्मिस्टर करंट फारसा अडवत नाही, दोन-तीन मिनिटं गार होऊ द्या.