फूल आणि फुलाला : मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना

मराठी शुद्धलेखनात मुले सर्वांत जास्त अडखळतात ती वेलांटी आणि उकार यांपाशी, आणि त्यावर चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे हा उपाय अजूनही घरोघरी चालतो. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिसऱ्या ओळीनंतर मूल शब्द लिहीत नसते, वरची ओळ उतरवत असते. सुरुवात हातापासून न करता कानापासून करावी.

मुलाला ‘फूल’ हा शब्द मोठ्याने म्हणायला सांगावे आणि लगेच ‘फुलाला’ म्हणायला सांगावे. पहिल्या शब्दात ‘फू’ लांबतो, दुसऱ्यात तो आखडतो. हा फरक मूल बोलताना नकळत पाळतच असते. तो फक्त त्याच्या लक्षात आणून द्यायचा असतो. मग वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे आपण मीठ, विहीर, बहीण, चूक, मूल असे शब्द लिहावेत आणि उजवीकडे मुलाने स्वतः म्हणून पाहत मिठात, विहिरीत, बहिणीला, चुकीचा, मुलाचा असे लिहावे. आठ-दहा जोड्या झाल्या की नियम त्याच्याच तोंडून काढून घ्यावा : शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी काही नसेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दुसरा, आणि शब्दाला प्रत्यय लागला की तोच पहिला. नियम आधी पाठ करून घेऊन उदाहरणे मागाहून देण्यापेक्षा हा क्रम कितीतरी चांगला, असे माझे ठाम मत आहे.

गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, आणि ‘परीक्षा’चे ‘परीक्षेला’ झाले तरी ‘री’ दीर्घच राहते. त्यांच्यासाठी वहीत वेगळे पान ठेवावे आणि ते पंधरा दिवसांनी उघडावे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगितल्या तर मूल दोन्ही विसरते.

शब्दाच्या शेवटची वेलांटी व उकार दीर्घ, हे त्या मानाने सोपे आहे : पाणी, वाळू, कवी, गुरू. ‘आणि’ हा अपवाद मात्र पहिल्याच दिवशी सांगावा. जुन्या पुस्तकांत ‘कवि’, ‘गुरु’ असे छापलेले पाहून पालकच गोंधळतात. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, त्यांनुसार एकटा शब्द ‘कवी’ असा लिहायचा आणि समासात ‘कविसंमेलन’ असा.

श्रुतलेखन सुट्या शब्दांचे नको, वाक्यांचे घ्यावे, आणि पाच वाक्यांहून अधिक घेऊ नये. ‘बहिणीने फूल तोडले आणि फुलांचा हार केला’ या एका वाक्यात आतापर्यंतचे बरेच काही तपासले जाते. मुलाने ‘बहीणीने’ लिहिले तर लाल फुली मारू नये. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि ‘बहीण, बहिणीने’ असे दोन्ही त्याला म्हणायला लावावे. बहुतेक मुले आपणहून खोडरबर उचलतात.

घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या बोलण्याला कधीही अशुद्ध म्हणू नये. घरी जसे बोलतो तसे बोलावे, वहीत ‘पाणी’ लिहावे, एवढेच त्याला प्रेमाने सांगावे. नाही तर ते मूल वर्गात बोलायचेच थांबते.

चुकलेले शब्द मुलाने स्वतःच्या छोट्या वहीत उतरवावेत, आणि वेगवेगळ्या चार दिवशी न पाहता बरोबर लिहिता आलेला शब्द त्याने स्वतःच्या हाताने त्या वहीतून खोडावा.