लिबरऑफिसमधील दोष कळवण्यापूर्वी फाइल अर्धी-अर्धी करत जा

लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचाच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, ‘माझ्या फाइलमधील जोडाक्षरे तुटतात’ एवढेच लिहिले, तर तपासणाऱ्या स्वयंसेवकाला तो दोष स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता येत नाही आणि नोंद ‘नीडइन्फो’ (अधिक माहिती हवी) म्हणून पडून राहते. दोष दाखवणारी लहानात लहान फाइल सोबत जोडावी.

१. हेल्प मेनूतून प्रोग्राम सेफ मोडमध्ये, म्हणजे आपली प्रोफाइल (साठवलेल्या वैयक्तिक सेटिंग्ज) तात्पुरती बाजूला ठेवून, सुरू करून पाहावा. तेथे दोष दिसला नाही, तर त्याचे मूळ बहुधा आपल्याच प्रोफाइलमध्ये असते.

२. फाइलची प्रत काढून तिच्यातील अर्धा मजकूर पुसावा, नव्या नावाने साठवून ती पुन्हा उघडावी. दोष टिकून असेल तर उरलेल्यातील अर्धा पुसावा. नाहीसा झाला असेल तर आधीच्या प्रतीकडे परतून दुसरा अर्धा पुसावा. चाळीस पानांचा अहवालसुद्धा अशा रीतीने थोड्याच फेऱ्यांत एका परिच्छेदावर किंवा तक्त्याच्या एकाच चौकटीवर येतो, आणि पुष्कळदा दोष नेमका कशामुळे घडतो हेही तेथेच उमगते.

३. अबाउट खिडकीतील आवृत्तीची माहिती जशीच्या तशी चिकटवावी व फॉन्टचे नाव लिहावे.

जोडलेली फाइल कोणालाही उघडता येते, म्हणून खरी नावे व फोन क्रमांक बदलावेत, आणि फाइल मेनूतील प्रॉपर्टीजमध्ये राहिलेले लेखकाचे नावही न विसरता काढून टाकावे.